कोणाची बाटली किती भरली

मित्रांनो, दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या कक्षाबाहेर एक लांबट बोळ आहे. तिथे भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. मी काचेच्या दाराचा एक जुना फ्रीज. वयाने जुना आणि आवाजाने त्याहून जुना. माझी मोटर सुरू झाली की बाकावर पेंगणारे नातेवाईक दचकून इकडेतिकडे बघतात, आणि हा फ्रीजच आहे असं कळलं की पुन्हा डोळे मिटतात.

माझ्यासारखे जुने लोक आपली गोष्ट सांगायला लागले की छाती फुगवून सांगतात. किती वर्षं राबलो, किती जणांच्या उपयोगी पडलो. मलाही तसं सांगता आलं असतं. पण हल्ली मला माझ्या दाराचीच लाज वाटते, आणि ती का वाटते हे सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात काही राम नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये ठासून भरलेला फोम, पाठीवर नळ्यांची जाळी. माझ्या शेजारी घरगुती फ्रीज तयार होत होते. त्यांची दारं आंधळी होती. मला मात्र दुहेरी काच बसवली आणि आत वरपासून खालपर्यंत दिवा दिला. दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा समोरच्या पत्र्यात मी स्वतःला पाहिलं आणि खरं सांगतो, मीच माझ्यावर भाळलो.

पहिली नोकरी थंड पेयांच्या दुकानात मिळाली. मालक हसतमुख होते, पण एका बाबतीत फार कडक. माझी पुढची रांग कधीही रिकामी दिसता कामा नये. मागे एकही बाटली नसली तरी चालेल, पुढे मात्र रंगीत बाटल्या ओळीने, तोंडं पुढे करून उभ्या हव्यात. गिऱ्हाईक काचेला नाक लावून बघायचं, आणि मी ऐटीत घुरघुरायचो. माझं काम थंड ठेवण्याचं आहे हे मी पार विसरलो होतो. माझं काम दाखवण्याचं आहे, असंच मला वाटायला लागलं होतं.

पुढे रस्ता रुंद झाला, दुकान गेलं आणि मालकांनी मला या दवाखान्याला देऊन टाकलं. चार माणसांनी जिन्यावरून वर आणताना माझा एक कोपरा ठेचला, तो अजून तसाच आहे. कक्षाच्या आत मला जागा मिळाली नाही. आतले सगळे प्लग श्वासाच्या आणि उबेच्या यंत्रांनी आधीच बळकावले होते. म्हणून मला बाहेर, हात धुवायचं बेसिन आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर यांच्या शेजारी उभं केलं.

मला वाटलं, इथेही सरबतं ठेवतील. ठेवलं दूध. आयांचं दूध.

मित्रांनो, या कक्षात वेळेआधी जन्मलेली बाळं असतात. काही अगदी मूठभर असतात, त्यांच्याभोवती सगळे डोळ्यांत तेल घालून उभे असतात. काही मधली असतात. दीड-दोन महिने आधी आलेली, आपला श्वास आपण घेणारी, दिसायला गुलाबी. पण चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकदम करायला ती अजून शिकलेली नसतात. म्हणून त्यांना आईचं दूध बारीक नळीने थेट पोटात द्यायचं, मग हळूहळू चमच्याने. आईच्या पोटात त्यांचं जे वाढायचं राहिलं, ते सगळं त्यांना बाहेर येऊन वाढायचं असतं, आणि तेही घाईने. या मधल्या बाळांचं काय, वाढतील आपोआप, असं सगळेच धरून चालतात. ती आपोआप वाढत नाहीत. थेंबाथेंबाने वाढतात.

बोळाच्या टोकाला दूध काढायची खोली होती. आया तिथून छोट्या बाटलीत दूध आणायच्या, वर चिकटपट्टी लावायच्या आणि माझ्यात ठेवायच्या. कक्षात फक्त आईला प्रवेश. आजी, आजोबा, मावश्या, काका सगळे बाहेर बाकावर. बाळ त्यांना दिसायचं नाही. दिसायचो मी, आणि माझ्यातल्या बाटल्या. मग काय होणार? जो येईल तो माझ्यासमोर उभा राहायचा आणि विचारायचा, "आपली बाटली कुठली?" सापडली की ती बघायची, आणि मग शेजारची बघायची. माझा दिवा लख्ख होता. प्रत्येक बाटलीवरच्या रेघा दुरूनही वाचता यायच्या. मला दुकानातले दिवस परत आल्यासारखे वाटले.

अशातच टिल्ली आली.

टिल्ली हे तिचं कक्षातलं नाव, मोठ्या सिस्टरांनी ठेवलेलं. तिची आई बेकरीत केकवर नक्षी काढायची. मोठी हजरजबाबी बाई. मुलगी इतकी लवकर कशी झाली, असं बाकावर कोणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ओव्हनमधून जरा आधी काढली. वरून छान दिसतेय, आतून अजून व्हायची आहे." सगळा बोळ हसला. तीही हसली, आणि मग बेसिनशी जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

पहिल्या दिवशी तिच्या बाटलीच्या तळाला नुसता ओलावा होता. घट्ट, पिवळसर चीक. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "एवढा पुष्कळ झाला आजच्याला. यातला थेंबही सांडायचा नाही." टिल्लीच्या आईने बाटली माझ्यात ठेवली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता.

तिचा नवरा मालाची गाडी घेऊन दूरच्या फेरीवर होता. रोज यायचे ते सासरे. आयुष्यभर त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले होते. वाकायचं, चष्मा कपाळावर सारायचा, काचेतला आकडा बघायचा आणि मोठ्याने सांगायचा, म्हणजे बरोबरचा माणूस लिहून घेतो. नोकरी संपली, सवय नाही संपली. दुपारी आले की ते माझ्यासमोर वाकायचे, टिल्लीची पट्टी शोधायचे आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं वाचायचे, "वीस." दुसऱ्या दिवशी, "बावीस. युनिट चढले." मग बाकावर बसून शेजाऱ्याला सांगायचे, "नात आहे माझी. अजून पाहिली नाही, पण खाते चांगली."

मित्रांनो, त्या माणसाच्या मनात काडीइतकंही वाईट नव्हतं. नात बघायला मिळत नव्हती, म्हणून ते बाटली बघत होते. इथे कोणीच वाईट नव्हतं, आणि म्हणूनच सगळं अवघड होऊन बसलं.

टिल्लीच्या बाटलीशेजारी जुळ्यांच्या आईच्या बाटल्या असायच्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. कोणाची तरी मावशी म्हणायची, "हिला बघा, दोघांना पुरून उरेल." मग नजर सरकायची. "आणि ही कोणाची? एवढंच?" कोणीतरी समजूत घालायचं, "पहिलटकरीण आहे, येईल हळूहळू." एवढंच बोलणं. पण दूध काढायच्या खोलीचं दार अर्धवट उघडं असायचं आणि आत टिल्लीची आई असायची.

तिने मग सगळ्यांच्या शेवटी जायला सुरुवात केली, म्हणजे आपलं दूध कोणाला दिसायला नको. शेवटी गेलं की वेळ टळायची. वेळ टळली की दूध आणखी कमी यायचं. सासऱ्यांनी आणलेला जेवणाचा डबा तसाच परत जायचा. एके दिवशी आजोबा वाकले, त्यांनी वाचलं, आणि पहिल्यांदाच आकडा मोठ्याने सांगितला नाही. मान खाजवत बाकावर बसले आणि शेजाऱ्याला हसत म्हणाले, "मीटर अडकलंय बहुतेक." टिल्लीची आई तेव्हा माझ्या शेजारीच, बेसिनपाशी होती. हातातल्या बाटलीचं झाकण तिच्या बोटांतून निसटलं आणि घरंगळत बाकाखाली गेलं. ते आजोबांनीच उचलून आणून दिलं.

त्यानंतरचं सांगताना मला जड जातं. दुसऱ्या दिवशी तिने बाटली धुतली आणि झटकायची राहिली. तळाला थोडं पाणी होतं, त्यावरच दूध पडलं. रेघ वर गेली. आजोबा वाकले आणि आनंदाने म्हणाले, "चढलं की गं." ती काहीतरी बोलायला गेली. त्यांचा चेहरा बघून तिला बोलवेना. पुढच्या दिवशी बोळात कोणी नसताना ती फिल्टरशी आली, तोटी सोडली, आणि झाकणभर पाणी मुद्दाम घातलं.

मी पाहिलं. आईचं दूध माझ्यात थोडा वेळ उभं राहिलं की त्यावर तुपकट थर येतो. जुळ्यांच्या बाटल्यांवर तो बोटभर यायचा. टिल्लीच्या बाटलीवर आता दोरा ठेवल्यासारखा दिसायचा. खालचं दूध पाण्यासारखं, निळसर. मला माझी दुकानातली पुढची रांग आठवली, आणि पहिल्यांदाच त्या रांगेची शिसारी आली. पण मी काय करणार? मी घुरघुरलो. तिने दार लावून घेतलं.

सिस्टरांनाही शंका आली नाही. आईचं दूध तसंही पातळच दिसतं, आणि कामाच्या रगाड्यात कोण थर बघत बसणार? मोठ्या सिस्टर तर बाटली उचलताना म्हणायच्या, "वा, आज छान भरली." ती मान खाली घालायची. सगळ्यांना वाटायचं, लाजरी आहे.

कक्षाचं दार सारखं उघडायचं, त्यामुळे आतलं बोलणं मला ऐकू यायचं. सकाळी वजन व्हायचं. "टिल्ली, कालच्याइतकीच." "टिल्ली, आज जरा कमी." जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळ थोडं उतरतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण मग चढायला हवं. टिल्ली चढेना. डॉक्टरबाईंनी दुधात ताकदीची पावडर मिसळायला सांगितली. तरी चढेना. मग त्यांनी दूध वाढवायला सांगितलं. आता बाटली आणखी भरायला हवी होती, आणि भरायला तिच्याकडे एकच गोष्ट होती. ती माझ्या शेजारी भिंतीवर टांगलेली होती.

टिल्ली मंदावली. चमचा ओठांना लावला की जी जीभ बाहेर यायची, ती येईना. नुसती झोपून राहायची. एके दुपारी डॉक्टरबाई तिच्या आईला बाहेर बोळात घेऊन आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला अजिबात दोष देऊ नका. तुमच्याकडून दूध भरपूर येतंय. दोष तिच्यातच काहीतरी असणार. आज रक्त घेऊ, पोटाची तपासणी करू. कदाचित काही दिवस दूध बंद करून सलाईनवर ठेवावं लागेल."

टिल्लीच्या आईने मान डोलावली. डॉक्टरबाई आत गेल्या. ती तिथेच उभी राहिली.

तेवढ्यात आजोबा आले. नेहमीसारखे वाकले, चष्मा कपाळावर सारला. "पंचेचाळीस," ते म्हणाले, आणि बाकाकडे वळून कौतुकाने पुढे म्हणाले, "आईकडून काही कमी नाही हो. पोरगीच आळशी आहे. माझ्यावर गेली."

बाकावरचे दोघेतिघे हसले.

"बाबा," टिल्लीची आई म्हणाली, "ते दूध नाही."

"म्हणजे?"

"दूध आहे. पण निम्मं. बाकीचं या फिल्टरचं पाणी आहे. मी घालते. रोज घालते."

माझी मोटर नेमकी तेव्हाच बंद झाली. आजोबांचा चष्मा अजून कपाळावरच होता. ते हळू आवाजात म्हणाले, "कशाला गं, पोरी?"

"तुम्ही वाचता म्हणून."

ती रागाने नाही बोलली. दुखतंय कुठे असं विचारल्यावर माणूस जागा दाखवतो, तशी बोलली. आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "मला आत सोडत नाहीत. मला तिचं एवढंच दिसायचं. म्हणून वाचत होतो." चष्मा पुन्हा घालत म्हणाले, "तू आत जा. रक्त घ्यायच्या आधी सांग त्यांना. मी हलत नाही इथून."

ती आत गेली. दार तिच्यामागे बंद झालं, आणि आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाकावरच्या लोकांनी आपापल्या चपलांकडे बघायला सुरुवात केली. जुळ्यांची आई दूध ठेवायला आली, काय झालं ते तिला कोणीतरी कुजबुजत सांगितलं. तिने आपल्या भरलेल्या बाटल्या वरच्या कप्प्यातून काढल्या आणि अगदी खालच्या कप्प्यात, मागे नेऊन ठेवल्या. जिचं भरलं होतं तिलाही शरम वाटली. शरम अशी पसरते.

टिल्लीच्या रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. पाणी पिऊन पिऊन उतरलं होतं. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर तिला झटके आले असते, आणि पुढचं कोणी मोठ्याने बोललं नाही. उपचार लगेच सुरू झाले. टिल्लीची आई दाराशी उभी होती, रागावणं ऐकायच्या तयारीने. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिचं आम्ही रोज वजन केलं. तुमची विचारपूस एकदाही केली नाही. जेवण होतं का, झोप होते का, दूध येतंय का, काहीच नाही." मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आणि मी रोज म्हणायचे, छान भरली." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्या उगाचच माझ्या कप्प्यांतल्या बाटल्या सारख्या करत बसल्या.

मग टिल्लीच्या पाळण्याशेजारी खुर्ची आली. तिची आई तिथे बसायची, टिल्लीला उघड्या छातीशी धरायची, आणि दूध तिथेच काढायची, वेळच्या वेळी. जेवढं येईल तेवढं आधी टिल्लीला, निर्भेळ. कमी पडेल ते जुळ्यांच्या आईने दिलेलं, तपासून आणि तापवून. पहिले काही दिवस वजन जागचं हललं नाही. तिच्या आईचा जीव टांगणीला लागला होता. मग थोडं चढलं. मग पुन्हा थोडं. चमचा लावला की जीभ बाहेर यायला लागली. टिल्लीच्या आईची बाटली गळ्यापर्यंत मात्र कधीच भरली नाही. जेमतेम अर्ध्याच्या वर जायची. ते दूध टिल्लीला लागत होतं, अंगी लागत होतं.

आजोबांनी काय केलं, तेही सांगतो. दुसऱ्याच दिवशी ते जाड खाकी कागद आणि चिकटपट्टी घेऊन आले. सिस्टरांची परवानगी घेतली आणि माझी काच वरपासून खालपर्यंत आतून झाकून टाकली. कोपरे नीट दाबले, मध्ये कुठे फट नाही ना ते वाकून पाहिलं. ज्या दारावर मी आयुष्यभर मिरवलो, ते आता घरगुती फ्रिजासारखं आंधळं झालं. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उलट, हे आधीच का झालं नाही, याचीच लाज वाटली.

त्यानंतर ते दुपारी यायचे, डबा उघडायचे आणि सुनेला एकच प्रश्न विचारायचे, "जेवलीस का?" ती नाही म्हणाली तर ती जेवेपर्यंत समोर बसून राहायचे. दुधाबद्दल, वजनाबद्दल एक अक्षर नाही. कधी ओठांवर यायचं, मला कळायचं, आणि ते गिळून टाकायचे.

टिल्लीला घरी न्यायच्या दिवशी तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि आजोबांच्या हातात दिलं. त्यांनी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाकावरून कोणीतरी विचारलं, "किती झालं हो वजन?" आजोबा म्हणाले, "ते डॉक्टरांना विचारा. मला हिचे कान बघू द्या." बराच वेळ त्यांनी कानच पाहिले. शेजारी टिल्लीची आई उभी होती. सगळे हसत होते. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि माझी तशी अपेक्षाही नव्हती.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी निदान अर्धी मान वर करून बोललो असतो. पण काल एक नवी आई आली. तिचं बाळही मधलंच. हातातल्या बाटलीत तळाशी थोडासा चीक. तिने माझं दार उघडलं, समोर जागा होती तरी हात मागे घातला, आणि भरलेल्या बाटल्यांच्या आड, अगदी कोपऱ्यात, आपली बाटली सरकवली. पट्टीवरचं नाव भिंतीकडे केलं. काचेवर कागद आहे, बाहेरून कोणाला काही दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. दार लावल्यावर तिने बेसिनकडे पाहिलं, मग फिल्टरकडे पाहिलं, आणि तिथेच उभी राहिली.

मी तिला गारवा देऊ शकतो, शब्द नाही देऊ शकत. तुम्ही उद्या कोणाचं बाळ बघायला जाल, बाहेरच्या बाकावर बसाल. तिथे अशी एखादी आई दिसली तर तिला किती आलं ते विचारू नका. तिच्याशेजारी बसा. जेवलीस का, ते विचारा. आणि जेवढं आलं तेवढं तिच्या बाळाचंच आहे, ते जसं आहे तसंच ने, असं तिला सांगा. मी घुरघुरलो तर तिला ते कळत नाही. तुम्ही सांगा.